पहिली घागर डोणीत

आमच्या पेठेतल्या वाचनालयाचे ग्रंथपाल मागच्या महिन्यात घरी आले. "तुमच्याकडे जुन्या नाटक कंपनीची पत्रं आहेत म्हणे," असं त्यांनी बसता बसताच विचारलं. मी काही बोलायच्या आत आतून बायको म्हणाली, "आहेत की. ट्रंकेसकट न्या." ट्रंक त्यांनी नेली नाही, पत्रांचा गठ्ठा मात्र नेला. आठवड्याभरानं त्यातलं एक पत्र परत घेऊन आले. "कादंबरीकार विनायक मास्तरांच्या घरून आलेली बाकीची पत्रं संग्रहात ठेवतो," ते म्हणाले, "हे मात्र घरगुती आहे. यात नाटकाबद्दल काहीच नाही." माणूस सज्जन. चहा घेतला, पत्र माझ्या हातात दिलं आणि गेले.

ते पत्र समोर ठेवूनच हे लिहितोय. संपादकांना माझ्या नोकरीच्या आठवणी हव्या होत्या. त्यांना बहुधा नटांच्या भानगडी हव्या असाव्यात. त्याही माझ्याकडे आहेत, पण त्यातले काही नट अजून हयात आहेत आणि मलाही अजून थोडं जगायचंय.

मी नट नव्हतो. मी प्रॉम्प्टर होतो. विंगेत अंधारात उभं राहायचं, हातात नाटकाची वही धरायची आणि नट अडला की पुढचा शब्द हळूच त्याच्या कानावर घालायचा. प्रेक्षकांनी मला कधी पाहिलं नाही, आणि ऐकलं असेल तर तो माझा गुन्हा. दिवसा माझं काम नकला उतरवण्याचं. नाटक छापलेलं नसे. ज्याला त्याला फक्त त्याची वाक्यं उतरवून द्यायची, आणि समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द, म्हणजे आपली पाळी कधी ते कळावं. अख्खं नाटक मालकांना ठाऊक आणि मला ठाऊक. बाकीच्यांना आपापल्यापुरतं. आमच्याकडे एक नट होते, ते पहिल्या अंकात मरत. त्या नाटकाचा शेवट काय हे त्यांना निवृत्त होईपर्यंत कळलं नव्हतं.

प्रॉम्प्टरला एकच नियम. कागदावर असेल तेवढंच बोलायचं. स्वतःची अक्कल घरी ठेवून यायची. अक्षर बरं म्हणून कंपनीचा पत्रव्यवहारही माझ्याच गळ्यात होता.

आता सोलापूरचा प्रेक्षक. मी इथलाच, म्हणून अभिमानानं सांगतो, त्याला फसवणं कठीण. गिरणीचा भोंगा झाला की नाटक थांबवायचं, तो संपला की पुढं चालू, हे परगावच्या नटांना पहिल्या दिवशी शिकवावं लागे. एकदा आमच्या नायिकेनं जरतारी म्हणून नेसलेलं लुगडं बघून एक तेलुगू विणकर मध्यंतरात थेट आत आला. पदर दोन बोटांत चोळून म्हणाला, "ही खरी जरतार नाही. तुम्ही फसलात की आम्हाला फसवताय, तेवढं सांगा." मालकांना बाबूराव म्हणत. नुसत्या हुंकारावर कंपनी चालवणारा माणूस. तेव्हापासून त्यांचा हुकूम होता, सोलापुरात जे दाखवायचं ते अस्सल दाखवायचं. पुढं जे घडलं त्याचं मूळ या हुकुमात आहे.

बोलपट नुकते आले होते. थेटरं भरत होती ती तिकडं, आमच्याकडं पुढच्या खुर्च्याही ओळखीच्या लोकांनी भरायची वेळ आली होती. बाबूरावांनी ठरवलं, विनायक मास्तरांच्या कादंबरीचं नाटक करायचं. मास्तर इथल्याच शाळेत शिकवत. वारून दोनेक वर्षं झाली होती. त्यांची ती कादंबरी घरोघर वाचली जायची. तिच्यातली सुमन बालविधवा, भावाच्या घरी राहते, बोलणी खाते आणि शेवटी विहिरीत जीव देते. त्या काळच्या कादंबरीत विधवेला दोनच वाटा असत, काशी नाहीतर विहीर. मास्तरांनी विहीर दिली.

"बोलपटवाले खरी विहीर दाखवतात काय? आपण दाखवू," बाबूराव म्हणाले. सुताराला सांगून रंगमंचावर कठडा, रहाट, दोर सगळं उभं केलं. मधे भोक, खाली गादी. नायिका कठड्यावरून उडी मारणार आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत नाहीशी होणार. कंपनी वाचली तर या विहिरीनं वाचेल, असं आम्हाला सगळ्यांनाच वाटत होतं.

परवानगीसाठी मी मास्तरांच्या घरी पत्र लिहिलं. उत्तर मुलाचं आलं. श्रीधरपंत गिरणीच्या कचेरीत कामाला होते. अक्षर मोत्यासारखं, मजकूर दगडासारखा. 'कै. तीर्थरूपांच्या कादंबरीचे नाटक करण्यास आमची संमती नाही. कारण घरगुती आहे.' बाबूरावांनी मला पुन्हा लिहायला लावलं. दुसरं उत्तर आलं, 'विहिरीचा प्रवेश वगळणार असाल तर विचार करू.'

"विहीर वगळून उरलं काय?" बाबूराव म्हणाले. "चुंबळ?"

घरगुती कारण पेठेत कुणाला ठाऊक नव्हतं? कादंबरीतली सुमन ही मास्तरांची सख्खी धाकटी बहीण होती. तिला सगळे आक्का म्हणत. लग्नाच्या वर्षीच नवरा प्लेगात गेला आणि आक्का माहेरी आल्या, त्या कायमच्या. मास्तरांनी त्यांच्यावरून सुमन लिहिली आणि शेवटी बुडवली. आक्का मात्र हयात होत्या, त्याच घरात होत्या. पुस्तक निघालं तेव्हापासून त्या रस्त्यानं निघाल्या की बायका बोलणं थांबवायच्या. आणि घरात त्याहून वाईट. मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे लक्ष्मीवहिनींनी, पुस्तक वाचलं आणि परसातल्या आडाचा दोर स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवला. भावानं लिहिलंय म्हणजे बहिणीच्या मनात तसं काही असणार, असं त्यांनी धरलं. दुष्टपणा नव्हता त्यात, निव्वळ भीती होती. पण आक्कांना पाणी शेंदायची बंदी झाली. त्या परसात गेल्या की मागोमाग कुणीतरी जायचं. कपडे वाळत घालायला गेल्या तरी जायचं.

तिसरं पत्र आलं ते आक्कांचं. पेन्सिलीनं लिहिलेलं. ते आता वाचनालयात आहे, पण मला पाठ आहे.

'रा. रा. कंपनीचे मालक यांस सा. न. वि. वि. मी मास्तरांची बहीण. श्रीधर संकोचाने उघड लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. दादाने मला पुस्तकात बुडवले. लिहिताना तो रडत होता, ते मी पाहिले आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण पुस्तक ज्याने त्याने आपल्या घरात वाचले. नाटक सगळे गाव एका ठिकाणी बसून बघणार. नाटकात मला जगू द्यावे एवढी विनंती आहे. ते जमत नसेल तर तसे कळवावे. मग मी श्रीधरला हो म्हणायला सांगेन, कारण दादाचे नाव व्हावे असे मलाही वाटते.'

बाबूरावांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. विहिरीच्या सांगाड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "लिही, जमत नाही." मी लिहिलं. आयुष्यात मी कागदाचे गठ्ठेच्या गठ्ठे लिहून काढले, पण त्या चार ओळींइतकं जड काही लिहिलं नाही. उलट टपाली श्रीधरपंतांची संमती आली. आक्कांनी शब्द पाळला होता.

सुमनचं काम शंकरअण्णांकडे होतं. दुधनीचा माणूस, घरची भाषा कानडी, अंगानं चांगला भरलेला. एरवी मांडी घालून बसायचे, कडक भाकरीचा चुरा शेंगाचटणीत कालवून खायचे, आणि नऊवारी नेसून उभे राहिले की बायका त्यांच्याकडे बघून पदर नीट करायच्या. त्यांना पाणी शेंदता येत नव्हतं. तालमीत दोर धरला की बैल ओढल्यासारखा ओढायचे. बाबूराव वैतागले, "सोलापूरच्या बायका हसतील. जा, कुणाकडून तरी शिकून या."

अण्णा मला म्हणाले, "जिचं काम तिच्याकडनंच शिकतो की. चला."

मी नको नको म्हणत होतो, तरी आम्ही मास्तरांच्या घरी गेलो. लक्ष्मीवहिनींनी आधी आम्हाला, मग अण्णांच्या कोरलेल्या भुवयांना निरखून पाहिलं. कलावंत माणूस पाया पडला म्हणून त्यांचा नाइलाज झाला असावा. दोर त्यांनी खोलीतून आणून अण्णांच्या हातात दिला. आक्कांना मात्र म्हणाल्या, "तुम्ही ओसरीवरनंच सांगा हं, वन्सं." आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या.

आक्का ओसरीच्या कडेला बसल्या. बारीक अंगाच्या, डोळे हसरे. मला वाटलं होतं तशा त्या अजिबात नव्हत्या.

"दोर असा गच्च नाही धरायचा हो," त्या म्हणाल्या. "वरचा हात ओढतो, खालचा सांभाळतो. खालचा सोडू नका की."

"आक्का, कंबर लई दुखतीया."

"मग कंबरेनं कशाला ओढताय? खांद्यानं ओढा."

अण्णांनी घागर वर काढली, कडेवर घेतली आणि ठुमकत निघाले. आक्का हसल्या, पण लगेच म्हणाल्या, "अहो, कुठं निघालात? पहिली घागर डोणीत."

आडाच्या बाजूला दगडाची डोणी होती, जनावरांना पाणी प्यायला असते तशी. पलीकडे म्हैस बांधलेली.

"नेहमी?" अण्णांनी विचारलं.

"नेहमी. मुक्या जनावराचं आधी, मग आपलं. डोणी कोरडी ठेवून घरात पाणी नेत नाहीत."

तेवढ्यात आतून दूध उतू गेल्याचा वास आला आणि वहिनी धावल्या. आक्कांनी दाराकडे एकदा पाहिलं. मग आवाज न वाढवता, भाजीचा भाव सांगावा तितक्या सहज बोलल्या.

"दादानं लिहिलं ते सगळंच खोटं नाही. एका दिवशी मी गेले होते आडावर, तेवढ्याचसाठी. घरात सगळे झोपले होते, दुपारची वेळ. कठड्याला हात लावला आणि बघते तर डोणी कोरडी. म्हैस माझ्याकडे बघत होती. म्हटलं, हिला पाणी कोण घालणार? म्हणून आधी डोणी भरायला घेतली. भरेपर्यंत घाम आला, हात भरून आले. मग हसूच आलं मला. घागर घरात आणली आणि चहाला आधण ठेवलं. दादाला मी पहिलं अर्धंच सांगितलं होतं. पुढचं सांगायला लाज वाटली, म्हशीसाठी परत आले म्हणून कसं सांगू?"

"वहिनींना सांगायचं होतं की," मी म्हणालो.

"पहिलं अर्धं सांगितल्याशिवाय पुढचं कसं सांगू? आणि पहिलं ऐकलं तर त्या दोराबरोबर मलाही खोलीत ठेवतील."

वहिनी परत आल्या. आक्का अण्णांना म्हणाल्या, "खालचा हात, अण्णा. खालचा हात."

आम्ही टांग्यानं परत निघालो. वाटेत अण्णा एवढंच म्हणाले, "मला उडी मारायचं जमंल असं वाटंना." मी म्हणालो, "कागदावर आहे ते करायचं." प्रॉम्प्टर दुसरं काय म्हणणार?

तालमीत अण्णांनी पहिली घागर डोणीत ओतली. बाबूराव खूश झाले. अस्सल म्हणतात ते हेच. लगेच पत्र्याची डोणी करून तिला दगडाचा रंग दिला, रहाटाखाली गादी सोडून एका कडेला खऱ्या पाण्याचं पिंप ठेवलं. अस्सलपणाच्या हौसेनं आपणच आपल्या विहिरीत धोंडा टाकतोय हे आम्हा दोघातिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पहिला प्रयोग गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी लावला. गिरणीतले लोक पिटात, खाली जमिनीवर. वरच्या सज्जात चिकाच्या पडद्यामागं बायका. रिवाजाप्रमाणे लेखकाच्या घरच्यांना मानाचं बोलावणं होतं. श्रीधरपंत पुढच्या खुर्चीत नारळ मांडीवर घेऊन बसले होते, लग्नाला आलेल्या नावडत्या पाहुण्यासारखे. वर चिकामागं वहिनी आणि आक्का आहेत, असं द्वारपालानं मला येऊन सांगितलं.

विहिरीचा प्रवेश आला. अण्णा आले. दोर सोडला, वरचा हात, खालचा हात. घागर भरून वर आली. अण्णा डोणीकडे गेले आणि ओतली. पत्र्यात पाणी पडल्याचा आवाज थेट शेवटपर्यंत गेला. मग वळले, कठड्यापाशी आले, पद म्हटलं. वन्स मोअर मिळाला. पदाच्या शेवटी एक पाय कठड्यावर ठेवला. खाली दोघंजण गादी धरून तयार होते.

आणि पिटातून एक माणूस बोलला. चेष्टेनं नाही. शेजारच्याला घरात सांगावं तसा.

"डोणी भरली की तिनं. आता कशाला मरतीया ती?"

"व्हय की," कुणीतरी म्हणालं. "जनावराला पानी घातलंय. घरला जाईल आता."

थोडं हसू उठलं आणि विरलं. कुणी टाळी वाजवेना, कुणी खोकेना. लोक वाट बघत होते, पण उडीची नाही.

अण्णांचा पाय कठड्यावर तसाच. त्यांनी मान वळवून विंगेत माझ्याकडे पाहिलं. नट अडला की असाच बघतो. माझ्या हातातल्या वहीत पुढं स्पष्ट लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात, 'उडी घेते.' प्रॉम्प्टरनं कागदावर असेल तेवढंच बोलायचं. मी वही खाली घेतली आणि म्हणालो, "अण्णा, दुसरी घागर शेंदा. घरी चला."

अण्णांनी पाय खाली घेतला. दोर सोडला, वरचा हात, खालचा हात. दुसरी घागर कडेवर घेतली आणि अगदी साधं, रोजचं चालत विंगेत आले. त्यांच्या डोळ्यांतलं काजळ गालावर आलं होतं. पिटात टाळ्या सुरू झाल्या त्या पडदा पडला तरी थांबेनात.

बाबूराव माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "कुणाचं वाक्य होतं ते?"

"माझं," मी म्हणालो. मनात वळकटी बांधायला घेतली होती.

ते पडद्याच्या फटीतून बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "पुढं तिच्या प्रेतावर भाऊ रडतो. आता प्रेत कुठनं आणायचं?"

भावाचं काम करणारे नट रडायच्या तयारीनं, विस्कटलेल्या केसांनी उभे होते. त्यांच्या नकलेत फक्त हंबरडा होता, बाकी काय झालं ते त्यांना माहीतच नव्हतं. मी त्यांना म्हणालो, "काही बोलू नका. ती तांब्या देईल, तेवढं पाणी प्या." ते बिचारे ओसरीवर बसले. सुमन आली, तांब्या पुढं केला. ते पाणी प्यायले आणि काय वाटलं कोण जाणे, तांब्या धरूनच रडायला लागले. मालकांनी तेवढ्यावर पडदा टाकला. पुढं कुणी विचारलं की बाबूराव ऐटीत सांगायचे, "नाटकाचा शेवट गोड करायची आपली जुनीच रीत आहे. मी पहिल्यापासून तसंच योजलं होतं." मी मान डोलवायचो. मालकाला प्रॉम्प्ट करायची वेळ क्वचित येते.

श्रीधरपंत आत आले, अण्णांच्या हातात नारळ ठेवला आणि परत गेले. बायका टांग्यातून निघून गेल्या होत्या. आक्कांशी माझी गाठ पडली नाही. पुढंही कधी पडली नाही.

त्या नाटकानं कंपनी वाचली नाही. वर्षभर चाललं, मग बोलपटांनी आमची जागा घेतली, ती कायमची. विहिरीचा सांगाडा एका सुताराला देऊन टाकला. अण्णा दुधनीला परतले आणि दुकानावर बसले. त्यांच्याकडं एकदा गेलो होतो. दुकानापुढं एक जुनी दगडी डोणी होती, भरलेली. गाडीवाल्यांच्या बैलांसाठी, म्हणाले. ते गेल्याचं मला फार उशिरा कळलं, त्याचं वाईट वाटतं.

पहिल्या प्रयोगानंतर चारपाच दिवसांनी कंपनीच्या टपालात आलेलं, ग्रंथपालांनी घरगुती म्हणून परत केलेलं ते पत्र असं आहे.

'शंकरअण्णांस अनेक आशीर्वाद. त्या दिवशी टांग्यात वहिनींनी मला विचारले, खरेच तसे झाले होते का. मी हो म्हटले. मग घरी येईपर्यंत त्या माझा हात धरून बसल्या होत्या. काल सकाळी त्यांनी दोर आणून माझ्यापुढे ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी आडावर गेले. पहिली घागर डोणीत ओतली. म्हैस आता दुसरी आहे, ती नवीन माणूस आल्यासारखी बघत होती. हाताला फोड आले, वहिनींनी लोणी लावले. पाणी गोड लागले. मागे कुणी आले नाही. कळावे, लोभ असावा.'

ग्रंथपालांना हा अंक मी स्वतः नेऊन देणार आहे आणि सोबत पत्रही. कुठल्या गठ्ठ्यात ठेवायचं ते आता त्यांनीच ठरवावं.